चिनी पिक्चरातलं सावरगाव

माझा गुलाबमामा पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत नळ सोडायचं काम करतो, पण गाव त्याला पिक्चर सांगणारा म्हणूनच ओळखतं. नागपूरहून भाड्यानं व्हिडिओ कॅसेटा येतात, त्यात चिनी मारामारीच्याच फार. बोलणं कोणाला कळत नाही. मग मामा टीव्हीचा आवाज बारीक करतो, बाजूला उभा राहतो आणि मनानंच सांगत सुटतो, "थांब बे, कुठी पळून राहिला!" मी त्याचा आवाज काढते तेव्हा आजीसुद्धा फसते.

एका कॅसेटीत नदीकाठची दोन गावं भांडतात. आमच्याकडंही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, दोन्हीकडून दगड. म्हणून मामानं जिंकणाऱ्या पिवळ्या कपडेवाल्यांना पांढुर्ण्याचं केलं आणि काळ्यांना सावरगावचं. पांढुर्ण्यात शिट्ट्याच शिट्ट्या!

आज तीच कॅसेट घेऊन सावरगावला जायचं होतं. तिथले दादाराव आपल्या लेकीसाठी, उषासाठी, मामाला पाहणार होते. निरोप आला होता, "पोट्टा पिक्चर सांगते म्हनतात. आमालेबी आयकू द्या." दादारावांच्या कपाळावर गोटमारीची खूण आहे. पूल ओलांडेपर्यंत मामाचं चालूच, "पिवळे सावरगावचे, पिवळे सावरगावचे..." घामानं रुमाल पिळायला आला.

जय भीम झाला, चहा झाला, खिडक्यांवर गोधड्या चढल्या. मामा पिवळ्यांना सावरगावचं म्हणत जमवत होता, दादाराव मांडी थोपटत होते. तेवढ्यात पिवळा हिरो पलीकडची पोरगी खांद्यावर घेऊन नदीत उतरला आणि मामाच्या तोंडून सवयीनं सुटलं, "पाहा बे सावरगाववाल्यांनो! पांढुर्ण्याचा वाघ तुमची पोट्टी घेऊन चालला!"

टीव्हीतले चिनी तेवढे ओरडत राहिले. मी मामाचा सदरा ओढला, "चाल नं, पळू."

दादाराव उठले. "काय म्हनलं, पाहुने? अन् पोट्टी राजी हाय का थे?"

मामानं टीव्हीतल्या पोरीकडं पाहिलं. त्या पोरीच्या तोंडी त्यानं आजवर एक वाक्यही घातलं नव्हतं.

"मले चिनी नाही येत, बाबूजी."

"राजी हाय, बाबा," दाराआडून उषा बोलली. "नाही तं मधातच उतरली नसती का?"

दादाराव हळूच खाली बसले. "मंग हे काळे कायले दगड मारून राहिले बे? होऊ द्या पुळं."

मामानं मलाच पुढं ढकललं. उरलेली मारामारी मी त्याच्या आवाजात सांगितली. हिरोईनला मात्र आवाज दिला उषामामीचा.