डीजेविरोधकाचे स्पीकर

आमच्या गावात नवी वस्तू आली की माणसं येतात. ट्रॅक्टर आला, फ्रिज आला, साधं शिलाई मशीन आलं तरी येतात. हार घालतात, नारळ फोडतात, पेढा तोंडात टाकतात, वस्तूवरून हात फिरवून "केवढ्याला पडलं?" असं विचारतात, आणि तीच वस्तू याहून स्वस्तात कुठं मिळाली असती ते सांगून जातात. माझ्याकडे म्युझिक सिस्टिम आली त्या दिवशी मीही ओतूरहून अर्धा किलो पेढे आणून ठेवले होते. संध्याकाळपर्यंत त्यातले दोन खपले. एक टेम्पोवाल्यानं खाल्ला. दुसरा शेजारच्या चुलतीनं, तोही "उपास हाय, पण आसूंदे" असं म्हणत.

बाकी कोणी का आलं नाही ते सरळ सांगतो. आमच्या भागातला डीजे बंद पाडणारा माणूस म्हणजे मी.

बंद पाडला याचा मला पश्चात्ताप नाही. लग्नाच्या वरातीत ट्रॉलीवर बॉक्सची भिंत रचायची, गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरतील इतका आवाज सोडायचा आणि त्याला आनंद म्हणायचं, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. मी जुन्नरला एका छापखान्यात कॉम्प्युटरवर बसतो. पत्रिका, पावती पुस्तकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, हे माझं पोटापाण्याचं काम. त्याच मशीनवर मी आमची पत्रकं लावली. "कान तुमचे, मालकी कोणाची?" हे पहिलं. एसटी स्टँडवर उभं राहून वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घातली आणि त्यात वडापाव धरला. मी पुन्हा छापलं. मग लेखी तक्रारी दिल्या, आणि एका वरातीत पोलिसांनी भर रस्त्यात डीजे उतरवला. तो सेट अख्खा पावसाळा ठाण्याच्या आवारात ताडपत्रीखाली पडून राहिला. बॉक्सचं प्लायवूड फुगलं, आतले कागदी पडदे सडले.

तो सेट माझ्या मित्राचा होता. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. त्यानं डीजे काढला तेव्हा त्याच्या ट्रॉलीवरचा बोर्ड मीच डिझाइन केला होता. पहिल्या लग्नसराईत मी त्याच्याबरोबर बॉक्स चढवले, उतरवले आणि पुढे नाचलोही. आंबेगावातल्या एका वाडीत वरात चालू असताना एक बाई दारात आली. कडेवर काही दिवसांचं बाळ, दोन्ही कानांत कापूस. हातानं खुणावत होती, कमी करा, कमी करा. आम्ही हसलो. मीही हसलो. त्या हसण्यानंतर मी वरातीला गेलो नाही. हे मी कुठल्याही पत्रकात लिहिलं नाही. पत्रकात आपण नेहमी दुसऱ्याबद्दल लिहितो.

सेट उतरवला गेला त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. म्हणून सांगतो, पेढे जरी गावासाठी आणले होते तरी मला गाव यायला नको होतं. तो एकटा यायला हवा होता. आवाजातलं कळणारा आमच्याकडे दुसरा कोणी नाही.

सिस्टिमचं वेड लागलं पुण्यात. ध्वनिप्रदूषणावरच्या एका बैठकीसाठी गेलो होतो. बैठक एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी होती. चहा झाल्यावर त्यांनी दोन उंच, अरुंद खोक्यांमधून एका गायिकेची जुनी मैफल लावली. आवाज मोठा नव्हता, शेजारच्या खोलीत झोपलेला माणूस जागा झाला नसता. पण ती बाई समोर येऊन बसली. खोक्यांत नाही, दोन खोक्यांच्या मधे, जिथं नुसती भिंत होती तिथं. तिनं श्वास घेतला तो ऐकू आला. बांगडी तानपुऱ्याला लागली तीही. माझ्याबरोबरचे कार्यकर्ते चिवडा खात उपोषणाची तारीख ठरवत होते आणि मी डाव्या कडेच्या खुर्चीतून त्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो होतो.

तीन वर्षं साठवले, वर मोटारसायकल विकली. किंमत सांगत नाही. गाव ती सांगतंच, आणि दर आठवड्याला वाढवून सांगतं. पुण्यातल्या दुकानात विकणाऱ्यानं आधी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग विचारलं, "कुठून आलात?"

"जुन्नर."

"अरे वा, शिवनेरी!"

पुण्यात जुन्नर म्हटलं की शिवनेरी, पुढचं वाक्य नाही. मी त्याला सरळ सांगितलं की किल्ला सोडून आमच्याकडे माणसंही राहतात आणि त्यांना कान असतात. त्यानं थंड पाणी मागवलं.

चळवळीतल्या मित्रांना कळलं तेव्हा एक जण म्हणाला, "हे आपल्याला शोभत नाही." का शोभत नाही? साध्या माणसानं भोंग्यावरच ऐकायचं, आणि चांगला आवाज बंगल्यातल्यांनी ऐकायचा, हे कोणी ठरवलं? तावातावानं बोललो. तोही बैठकीला बोलवायचा थांबला. आणि गावात पारावर वेगळंच सुरू झालं. टेम्पोतून खोकी उतरताना ज्यांनी पाहिलं त्यांनी निकाल देऊन टाकला, "बघा राव, त्याचा बंद केला आन् सोताचा टाकला. धंदाच करायचा व्हता तर आधी सांगायचं."

आई भावाकडे चाकणला असते, त्यामुळे घरात मी एकटा. दोन खोल्या, सिमेंटच्या भिंती, गुळगुळीत फरशी. अशा खोलीत गाणं लावलं की ते विहिरीत पडल्यासारखं घुमतं. पुस्तिकेत लिहिलं होतं, जाड पडदे लावा, गालिचा अंथरा. माझ्याकडे आईच्या गोधड्या होत्या. खिळे ठोकून सहा गोधड्या भिंतींवर टांगल्या, एक खाली अंथरली. चुलती दारातून डोकावली.

"आरं, पाऊस न्हाई काय न्हाई, घरात कशाला वाळत घातल्या?"

"आवाज घुमू नये म्हणून, काकू."

"तुझ्या घरात आवाज हाय कुणाचा घुमायला?" असं म्हणून गेली. तिच्या मनात काही नव्हतं, ती असंच बोलते.

विजेचा दाब कमीजास्त होतो म्हणून स्टॅबिलायझर घेतला. वायरमनकडून अर्थिंग नवं करून घेतलं, खड्ड्यात मीठ-कोळसा भरून. मग मांडणी. दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा त्रिकोण जमला पाहिजे, तिन्ही बाजू सारख्या. हे यंत्र एकाच खुर्चीसाठी बनवलेलं असतं, हे मला विकत घेताना कोणी सांगितलं नाही. शेजारी दुसरा बसला तर त्याला अर्धंच मिळतं.

कामावरून आलो की दार लावून ऐकत बसायचो. आमच्याकडे दिवेलागणीनंतर उसाच्या कडेनं कोणी फिरत नाही, बिबट्या असतो. त्यामुळे सात वाजले की कोणी येण्याची वाट बघण्याचंही कारण उरत नाही. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी स्टुडिओत केलेल्या ध्वनिमुद्रिका बाजूला ठेवतोय आणि फक्त मैफली लावतोय. त्यात समोर बसलेले लोक ऐकू येतात. एक जण खोकतो. कोणीतरी पुटपुटतं. समेवर मागच्या बाजूनं एक म्हातारा "हां" म्हणतो, त्याच्या "हां"ची मी वाट बघायचो. गाणं किती कळायचं देव जाणे, मी माणसं ऐकत होतो.

पण एक गोष्ट जमत नव्हती. ती गाणारी बाई मधे बसायची नाही. उजवीकडे सरकायची. पुण्यात जी बरोबर समोर होती ती माझ्या घरात उजव्या स्पीकरच्या मांडीवर बसून गात होती. मी डावा स्पीकर पुढे घेतला. कपाट हलवलं. गोधड्या बदलल्या. दुकानात फोन केला, विकणारा म्हणाला, "सर, रूमचा प्रॉब्लेम." शेवटी बॅलन्सचं बटण डावीकडे फिरवलं, तेव्हा ती कशीबशी मधे आली. एवढा पैसा ओतून बटण वाकडं ठेवायचं? मी कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं. पत्र लिहिण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मग ते न पाठवता ओतूरला मित्राकडे गेलो.

त्याच्या शेडमध्ये आता मांडवाचे खांब आणि खुर्च्यांच्या चळती होत्या. तो खाली बसून एका जुन्या स्पीकरला नवा पडदा चिकटवत होता. मान वर न करता म्हणाला,

"तक्रार लेखी लागती. तोंडी घेत न्हाई आमी."

"तक्रार नाही. माझी सिस्टिम एकीकडं ओढतेय. बघशील का?"

"तुझी?" तो हसला. "पोलिसाला बोलव की. ते चांगले उतरवून घेतात."

मी उभाच राहिलो. माफी मागायची नाही हे घरून ठरवून निघालो होतो, कारण चूक केलेली नव्हती. पण तसं उभं राहणं अवघड असतं. शेवटी म्हणालो, "दुसरं कोणाला कळत नाही रे."

त्यानं ब्रश डब्यात ठेवला. "गोंद वाळंल. जा तू," एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी भर दुपारी तो आला. न सांगता. हातात सुतळीचा गुंडा. दारात चपला काढून आत आला, गोधड्या पाहून म्हणाला, "मावशीच्या ना ह्या?" माझ्या आईला तो मावशी म्हणतो. उत्तराला थांबला नाही. मी पाणी दिलं, त्यानं तांब्या खिडकीत ठेवला. मग सुतळीनं खुर्चीपासून एका स्पीकरचं अंतर मोजलं, मग दुसऱ्याचं. वायरींची टोकं तपासली. दोन्हीकडे टाळ्या वाजवून खोली ऐकली. मग खुर्चीत बसला आणि म्हणाला, "लाव."

मी मैफल लावली. तो डोळे मिटून बसला. मी भिंतीला टेकून त्याचा चेहरा बघत होतो. कोणीतरी माझ्या घरात बसून ऐकत होतं. 

"डावीकडं लई ओढतंय," तो म्हणाला. उठून त्यानं बटण मधोमध आणलं, परत बसला. "आता बरुबर. बाई समोर हाय."

"नाही. आता उजवीकडं गेली."

"समोर हाय म्हणतो ना. बस तू."

मी बसलो. ती उजवीकडेच होती. त्यानं आवाज बंद केला, माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि उजव्या कानाशी बोटं चोळली. चुर्र झालं. मग म्हणाला, "आता?"

"आता काय?"

"डाव्या कानाशी चोळतोय."

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

त्यानं हात खाली घेतला. मग म्हणाला, "नारायणगावची वरात. बॉक्सच्या उजव्या भिंतीचा पट्टा तुटला व्हता."

मला आठवलं. बॉक्स कलायला लागले होते. त्याचा नवा सेट, पहिलाच हंगाम. पडला असता तर उभा राहिला नसता. अख्खी वरात मी त्या भिंतीला डावा खांदा आणि डोक्याची डावी बाजू लावून चाललो होतो. नंतर तीन दिवस कानात शिट्टी वाजत होती. आम्हाला त्याची गंमत वाटली होती.

"तुझे कान कसे चांगले राहिले?" मी विचारलं. रागानंच विचारलं.

"मी मागं असतो. मशीनवर. आवाज समदा पुढं जातो." सुतळी उचलत म्हणाला, "ओरडलो व्हतो तुला, हो बाजूला म्हणून. तुला ऐकू आलं नसंल."

गावोगाव दुसऱ्यांच्या कानांबद्दल बोलत फिरलो आणि स्वतःचा एक गेलेला मला माहीत नव्हता. पुढे कानाच्या डॉक्टरांनी कागदावर खाली उतरत गेलेली रेघ दाखवली, ती भरून येत नाही म्हणाले. पण त्या दुपारी मला कानाचं काही वाटलं नाही. तो सुतळी गुंडाळायला लागला होता, आणि तो आता जाणार एवढंच मला दिसत होतं.

मी बटणाकडे हात नेला. तो म्हणाला, "राहू दे तिथं. बटण कशाला वाकडं करतो? खुर्ची घे थोडी डावीकडं. तुझं तुला जमंल. न्हाईतर दुसरं कुणी आलं तर त्याला वाकडं ऐकू यील."

"दुसरं कोण येतंय?"

त्यानं खिडकीतला तांब्या घेतला, उभ्यानंच पाणी प्याला, तांब्या होता तिथं ठेवला. "डीजे बंद केलास ते मला पटलेलं न्हाई," म्हणाला.

"मी पुन्हा बंद करीन."

"म्हाईत हाय." चपला घातल्या आणि गेला.

त्याला आता दोन महिने होतील. तो आलेला नाही. लग्नसराई चालू आहे, मांडवाची कामं असतात. मी नवं पत्रक लावलंय, या वेळी माझ्या कानाची रेघ पहिल्या पानावर छापली आहे, आणि त्या वरातीत भिंतीला खांदा मीच लावला होता हेही. खुर्ची हातभर डावीकडे घेतली. तिथून बाई समोर दिसते. आधी खुर्ची होती त्या मधल्या जागेवर मी आईची बाज टाकून ठेवली आहे. चुलती परवा विचारत होती, एकट्याला दोन बैठका कशाला.