निमाईबाबूंच्या ढालीचा गोळा

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. पुढं मी जे सांगणार हाय, ते सांगताना माझंच तोंड काळं पडतंय, त्यात तुमचं हसणं नको.

मी शंकर. गाव सांगलीकडं, धंदा गलाईचा. आमच्या भागातली अर्धी माणसं देशभर सोनारांच्या गल्लीत भट्ट्या घालून बसल्यात, तसा मी कलकत्त्यात खिदिरपूरला. जुनं सोनं-चांदी आलं की मुशीत टाकायचं, गाळायचं, चोख करून परत द्यायचं. शाळा सातवीपर्यंत. आन् राग? राग मात्र पार डबल ग्रॅज्युएट!

आता निमाईबाबू कोण ते ऐका. आमच्याच गल्लीत राहणारा म्हातारा. इथल्या एका केबल चॅनलवर उभी हयात खेळाच्या बातम्या दिल्या त्यानं. टीव्हीवर निळा कोट, टाय, केस चापून बसवलेले. खाली टेबलामागं लुंगी! त्यानं स्वतःच सांगितलंय, मी काय लावून सांगत नाय.

रिटायर झाला, पर तोंड काय रिटायर झालं नाय. सकाळी बाजारात मासा घेतो तर त्याची बी कॉमेंट्री. "मासेवाला पुढे सरसावला, भाव वाढवला, निमाईनं अडवला, आणि... कोळंबी पिशवीत!" संध्याकाळी गल्लीतल्या पोरांचा फुटबॉल, तिथं शिट्टी ह्याच्याच तोंडात. सारी गल्ली त्याच्यावर जीव टाकते. त्याला निरोप देताना लोकांनी मिळून चांदीची ढाल करून दिली होती. वर एक खेळाडू कोरलेला, पाय उचलून बॉल मारताना.

मी मात्र त्याच्यावर खार खाऊन. का?

गेल्या गणपतीत आमच्या मराठी मंडळानं कबड्डी ठेवली. मंडळात सगळी साहेब माणसं. रेल्वेतली, ब्यांकेतली. त्यांना संगीत खुर्ची पाहिजे होती. मी भांडून कबड्डी घेतली. गावाकडं मी चढाई करायचो ना! तेव्हा निमाईबाबू नोकरीत होता, कॅमेरा घिऊन आला, सगळं शूटिंग केलं. रात्री आम्ही सारं घर टीव्हीपुढं. फुटबॉल झाला. क्रिकेट झालं. बुद्धिबळ सुद्धा झालं! बसून खेळतात हो ते! आन् मग एकदम हवामान. कबड्डीचं नाव नाय.

दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात मी त्याला गाठला. "बसणाऱ्यांना दोन मिनिटं, आन् मातीत लोळणाऱ्यांना काय नाय?" सगळ्या बाजारापुढं बोललो. तो नुसता मान खाली घालून उभा. म्हटलं, बघा, चोराला बोलता येत नाय!

तेव्हापासून बोलणं बंद.

यंदा गणपतीच्या तोंडावर साहेब लोकं म्हणाली, "शंकरराव, कबड्डी करा, पण जिंकणाऱ्यांना ढाल तुम्ही आणा. ढाल नसेल तर संगीत खुर्ची." झालं! आधीच डोकं तापलेलं. त्यात सकाळी निमाईबाबू दुकानात हजर. बगलेत कापडात गुंडाळलेली तीच ढाल. काळी पडलेली.

"शोंकोर," तो म्हणाला, "ये देखो तो—"

मी म्हटलं, आलं लक्षात. लोकांनी एवढ्या प्रेमानं दिलेली ढाल ह्यो गाळायला आणतोय! गलाईच्या दुकानात दुसरं कशाला येतं माणूस? देवाला हात जोडायला?

"शोंकोर, हामारा बात शुनो—"

"चूप!" मी हिंदीत चढलो. "इतना साल तुम बोला, हम सुना! इधर तुम्हारा माईक नाय है! इधर हम बोलेगा!"

"आरे, लेकिन—"

"लेकिन-बिकिन कुछ नाय! बैठो!"

म्हातारा बसला. खरंच बसला हो, बाकावर, मांडीवर हात ठेवून. आमच्या धंद्यात रीत हाय. भट्टीत टाकायच्या आधी गिऱ्हाईकाला विचारायचं, "गाळू का?" तो व्हय म्हणाला की मगच हात लावायचा. माझ्या बापानं पहिलं शिकवलं ते हेच. आन् मी? मी ढाल हिसकली, पडद्याआड गेलो, लाकडी स्टँड उचकटून कोपऱ्यात फेकलं, पत्रा हातोडीनं दुमडला आन् मुशीत कोंबला. ब्लोअर फुल्ल! बाहेरनं म्हाताऱ्याचा आवाज येतोय, "शाबाश शोंकोर, बहुत मेहनत करता है!" त्याला वाटलं, आत घासून-पुसून चकाकी आणायचं काम चाललंय.

मला वाटलं, टोमणा मारतोय. मी हवा आणखी वाढवली.

रागात साच्यात बी ओतली नाय. मुशीतच गार केली, उपडी मारली. गोळा निघाला, बटाटवड्यासारखा, एका अंगाला चेपलेला. तो नेऊन त्याच्या हातावर आपटला.

"लेव! चोख चांदी! जाव, बेचो!"

निमाईबाबू गोळ्याकडं बघतोय. इकडनं बघितला, तिकडनं बघितला. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणतो, "शोंकोर... वो खिलाड़ी किधर गया?"

आन् नेमकी त्याच वेळेला माझी बायको सुमन वरनं चहा घिऊन उतरली.

"आले का काका? अहो, ढाल बघितली का? मीच त्यांना म्हटलं, तुमच्याकडनं उजळून घ्या म्हणून. आपल्या कबड्डीला देतायत ते! वर म्हणाले, माईकवर बी मीच बोलणार, फुकट!"

तिनं माझा कप माझ्यापुढं ठेवला.

"गेल्या वर्षी दाखवता आलं नाय ना, त्याची लय रुखरुख हाय त्यांना. कबड्डीसाठी चॅनलच्या साहेबाशी भांडले होते त्या रात्री. त्यांच्या बायकोनं सांगितलं मला... अहो, असं काय बघताय? कुठाय ढाल?"

निमाईबाबूनं हात पुढं केला. सुमननं गोळा बघितला, मला बघितलं, पडदा सारून कोपऱ्यातलं स्टँड बघितलं. चहाचा कप तिनं माझ्यापुढनं उचलला आन् निमाईबाबूच्या हातात दिला. माझ्या वाटणीचा चहा तिथंच संपला.

"विचारलं नाय?" एवढंच म्हणाली.

अहो, ज्या माणसाचं पोट बोलण्यावर चाललं, त्याला मी एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं! भट्टीत मला बी जागा असती तर शिरलो असतो. पाय धरायला वाकलो. म्हटलं, दुसरी घडवून देतो, कारागीर बोलावतो, आत्ता बोलावतो.

निमाईबाबूनं मला धरून बाकावर बसवलं. गोळ्यावरनं अंगठा फिरवत म्हणाला, "रहने दो. खिलाड़ी अंदर ही है. इतना दिन पैर उठाके खड़ा था बेचारा. थक के बैठ गया."

आन् डोळे पुसले त्यानं. ते मी बघितलं. ते काय मला सोडत नाय.

स्पर्धेच्या दिवशी त्यो गोळा लाकडी स्टँडवर ठिऊन टेबलावर मांडला. निळा कोट घालून निमाईबाबू माईकवर. लोकांनी विचारलं, ह्ये काय? त्यानं माईक जवळ घेतला आन् सुरू झाला. "शोंकोर चढ़ाई पे उतरा! सामने कोई नहीं! कोई पकड़ने वाला नहीं! फिर भी शोंकोर... आउट!" साहेब लोकं खुर्च्यांवरनं खाली यायची राहिली. सुमन सगळ्यात पुढं, पदर तोंडाला लावून हसतेय. मी मांडवाच्या खांबामागं.

चॅनलवर कबड्डीला एक मिनिट मिळालं नव्हतं. मला त्यानं पुरी दहा मिनिटं दिली.

ढाल लागते म्हणून अडून बसलेल्या साहेबांनी त्याच दिवशी ठरवलं, आता दर साली हेच बक्षीस. नाव बी दिलं: शंकर-गोळा.

गावाकडं थोरल्या भावाला कुठनं तरी कळलं. फोन आला, आवाज नुसता अभिमानानं भरलेला. "शंकऱ्या, लेका, कलकत्त्यात तुझ्या नावानं बक्षीस देत्यात म्हणं! अरं, असं केलंस तरी काय तू?"

"हॅलो?" मी म्हटलं. "हॅलो? दादा, आवाज येत नाय."