रविवारची घागर

नळाच्या पाण्याला टँकरच्या पाण्यासारखा ब्लिचिंग पावडरचा वास आला की दुष्काळातला तो रविवार आठवतो. घरचे सगळे साखर कारखान्याच्या ऊसतोडीला गेले होते आणि गावात येशूचं नाव घेणारी मी एकटीच उरले होते. गुडघे टेकून प्रार्थना सुरू केली, तोच टँकरचा हॉर्न वाजला. आमेन न म्हणताच उठले आणि दारातली घागर घ्यायला धावले, तर घागर तिथं नव्हतीच. टँकरपाशी शेजारची म्हातारी माझी भरलेली घागर राखत उभी होती. मला बघून ती गोंधळली. “तू कशाला आलीस पोरी? रविवारी तू प्रार्थनेवरून उठत न्हाईस, म्हणून तुजी घागर मीच भरली.” माझी मान वर होईना. आता नळ घरातच आहे. रविवारी मी मधेच उठते की नाही, हे बघणारं मात्र कुणी उरलं नाही.