छतावरचं मैदान

आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम चांगली होती असं मी कधीही म्हणणार नाही. अकरातल्या तिघांना धड पळता येत नव्हतं, गोलकीपर उंच चेंडू आला की डोळे मिटून घ्यायचा, आणि एका अख्ख्या मोसमात आम्ही जिंकलेला एकमेव सामना समोरची टीम आलीच नाही म्हणून जिंकलो होतो. तरीही बुधवारी चार वाजले की मी पंप आणि व्हॉल्व्हची आकृती फळ्यावर तशीच सोडून मागच्या मैदानाकडे निघायचो. मी वीस वर्षं जहाजांवर इंजिनियर होतो. तिथे दर काही महिन्यांनी माणसं बदलतात. ज्याच्याबरोबर घाम गाळला तो पुढच्या बंदरात उतरून जातो. कुणाला ‘आपली माणसं’ म्हणायची सवयच लागली नव्हती. ती या हरणाऱ्या पोरांनी लावली.

सिंगापूरमधलं ते एक छोटं खाजगी कॉलेज. बंद पडलेल्या शाळेची भाड्याची इमारत, तीन मजले, गळके नळ, आणि मागे खरं गवत असलेलं मैदान. या शहरात एवढी मोकळी जमीन म्हणजे चैन. बघायला आम्ही पंधरा-वीस जण जमायचो. त्यात सगळ्यात मोठा आवाज कॅन्टीनमधल्या चहा-कॉफीच्या स्टॉलवरच्या आंटीचा. साठीच्या पुढची चिनी बाई. आधी ती आणि तिचा नवरा दोघं यायचे. तो वारल्यावरही ती सामन्याच्या दिवशी चारला स्टॉलचं शटर ओढायची आणि बार्लीच्या पाण्याची मोठी बरणी घेऊन यायची. रेफरीला ती तिच्या भाषेत शिव्या घालायची. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, रेफरीला मात्र सगळं कळायचं.

आता ज्याच्यावर माझा राग आहे त्या माणसाबद्दल. तो कॉलेजचा फायनान्स हेड. पुण्याचा, माझ्याच वयाचा, बुकित पंजांग भागात आमच्याच इमारतीत नवव्या मजल्यावर राहणारा. मी सहाव्या. जहाज सोडल्यावर मला ही शिकवायची नोकरी त्याच्या शब्दावर लागली. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण तो ते चारचौघांत नेहमी सांगतो. गणपती त्याच्याकडे बसायचा, आमच्याकडून मोदक जायचे. बायकांची घट्ट मैत्री. मी त्याला अरे-तुरे करायचो, तोही मला.

शाळेच्या इमारतीचा करार संपत आला तेव्हा कॉलेजने स्वतःची इमारत बांधायचं ठरवलं. आठ मजले, दुप्पट विद्यार्थी, बँकेचं मोठं कर्ज. एका रविवारी सकाळी तो माझ्याकडे आला आणि चहाच्या कपांच्या मध्ये नकाशा पसरून बसला. छतावर हिरवंगार मैदान, दोन बाजूंना पायऱ्यांवर खुर्च्या.

“सात-सात जणांची मॅच आरामात होते इथे,” तो म्हणाला. “आणि ऐक, खुर्च्यांची स्कीम काढलीय. तीनशे डॉलरला एक खुर्ची, पाठीवर देणाऱ्याच्या नावाची पितळी पाटी. माजी विद्यार्थी घेतील, तुमची ती मैदानावरची गँग घेईल. पण मी मागायला गेलो तर लोक दार लावतात. तुझं ऐकतात.”

“मैदान नक्की होणार ना?”

“अरे, ब्रोशरमध्ये छापलंय. छापलेलं कसं बदलेल?”

ब्रोशर त्याने सोबतच आणलं होतं. मुखपृष्ठावर आमची टीम, आणि कोपऱ्यात आ वासून ओरडणारा मी. ते बघून मी विरघळलो. इतक्या स्वस्तात विकला गेलो.

दोन महिने मी हिंडलो. आमचे बरेचसे माजी विद्यार्थी शिपयार्डमध्ये किंवा जहाजांवर. कुणाला दुपारच्या सुट्टीत गाठलं, कुणाला बंदराच्या दारात. काही जणांची नोकरी अजून पक्की नव्हती. मी म्हणायचो, “छतावरची खुर्ची, कायमची, तुझ्या नावाची.” ते द्यायचे. साठच्या वर खुर्च्या मी एकट्याने विकल्या.

आंटीला मी विचारणार नव्हतो. तिनेच मला स्टॉलशी थांबवलं.

“मला दोन पाहिजेत,” ती म्हणाली. “एक माझी, एक त्याची. शेजारी शेजारी. त्याची कडेची, त्याला पाय पसरायला लागतात.”

“आंटी, सहाशे डॉलर होतात.”

“मला हिशोब येतो, लाह,” असं इथल्या ढंगात म्हणून तिने फोनवरून तिथल्या तिथे पैसे पाठवले आणि मला पावतीवर दोघांची नावं नीट लिहायला लावली. चिनी रीतीप्रमाणे तिचं आडनाव वेगळं, नवऱ्याचं वेगळं, दोन्हीची स्पेलिंग तिने दोनदा तपासली.

बांधकामाची दोन वर्षं टीमचे हाल झाले. जुन्या इमारतीला मुदतवाढ मिळाली, पण मैदान मालकाने परत घेतलं. पोरं तासाच्या भाड्याने मैदान घ्यायची, स्वतःच्या खिशातून. वीज पडण्याचा इशारा देणारा दिवा लागला की खेळ थांबायचा, भाडं थांबायचं नाही. कधी टॅम्पिनीस, कधी बिशान, मेट्रोने मिळेल तिथे. आम्ही मागून जायचो. “एकदा छत होऊ दे,” असं मीच सगळ्यांना सांगायचो.

नव्या इमारतीत गेलो त्या पहिल्याच सकाळी मी जिना चढून वर गेलो. आठ मजले, लिफ्ट न घेता. वर काचेचं दार, कुलूपबंद. काचेतून दिसलं. अर्ध्या छतावर एसीची भलीमोठी यंत्रं घरघरत होती. उरलेल्या अर्ध्यावर पत्र्याचं छप्पर घालून जिम थाटलेली, बाहेरच्या कंपनीला भाड्याने दिलेली, तिला वेगळी लिफ्टसुद्धा. गवताचं एक पातं नाही. एक खुर्ची नाही.

मैदान रद्द झालं एवढंच असतं तर मी चिडलो असतो आणि गप्प बसलो असतो. पैसे कमी पडतात, नकाशे बदलतात. पण यंत्रं हा माझा धंदा. मी त्या काचेला नाक लावून बराच वेळ उभा राहिलो. यंत्रांखालचे काँक्रीटचे चौथरे स्लॅबबरोबरच ओतलेले होते, मागाहून बसवलेले नव्हते. पाण्याचे जाड पाइप तळापासून सरळ वर आले होते, आणि ते ज्या भिंतींमधून आले त्या भिंतींत त्यांच्यासाठी जागा सोडलेली होती. हे ऐन वेळी सुचत नाही. पायाचा पहिला खड्डा खणायच्या आधीच छतावर यंत्रं येणार हे ठरलेलं होतं. म्हणजे मी लोकांकडे पैसे मागत फिरत होतो तेव्हा मैदान फक्त ब्रोशरवर होतं.

मी तसाच खाली त्याच्या केबिनमध्ये गेलो. दार लावून घेतलं.

“वर बघून आलो,” मी म्हणालो.

त्याने मान वर केली नाही. “बस ना. कॉफी सांगतो.”

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“हे बघ, बँकेला छतावरून उत्पन्न दाखवायला लागलं. नाहीतर कर्जच मंजूर होत नव्हतं. मैदान काय उत्पन्न देतं?”

“मी काय विचारतोय? कधीपासून?”

तो पेन उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, “सुरुवातीपासून. पण चेअरमनना वाटत होतं की पुढे कधीतरी जमेल.”

“चौथरे ओतलेत तिथे. कधी जमेल? यंत्रांवर उभे राहून खेळणार?”

“ओरडू नकोस. विद्यार्थी वाढलेत, त्यांना वर्ग लागतात, एसी लागतो. तुमच्या त्या टीममुळे एक तरी ॲडमिशन झालीय का? तुझा पगार कुठून येतो ते तरी बघ.”

“टीममुळे ॲडमिशन होत नाहीत तर मुखपृष्ठावर फोटो कशाला?”

तो म्हणाला, “लोकांच्या पाट्या आपण भिंतीवर लावतोय. पितळीच आहेत. नाव दिसण्याशी कारण ना त्यांना?”

“तू मला दलाल केलंस,” मी म्हणालो. “लोकांनी तुला नाही दिले पैसे. मला दिले.”

तेव्हा त्याने ते वाक्य काढलं. “तुला इथे कोणी आणलं ते विसरू नकोस.”

“तुम्ही आणलंत,” मी म्हणालो. “आणि यापुढे मला अरे-तुरे करू नका.”

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “बरोबर आहे तुझं. पण त्याच्या बायकोची यात काय चूक?” त्या क्षणी मला तिचाही राग आला.

पंधरा दिवसांनी उद्घाटन झालं. खुर्च्या घेतलेल्यांना निमंत्रणाची छापील कार्डं गेली. दारात चिनी सिंहनृत्य, ढोल, सूट घातलेले बँकवाले. चेअरमननी खिलाडूवृत्तीवर भाषण केलं, तेव्हा टीममधले चौघं माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभे होते. कुणी टाळी वाजवली नाही.

आंटी आली होती. नव्या कॅन्टीनचं भाडं तिला परवडणारं नव्हतं. तिची जागा दहा दुकानं असलेल्या एका कंपनीला गेली होती. तरी ती फुलाफुलांचा चांगला ब्लाउज घालून, केस सेट करून आली. “चल, खुर्च्या दाखव,” म्हणाली. मी तिला आधीच सांगायला हवं होतं. पंधरा दिवस होते माझ्याकडे. तिच्या घरी जाऊन सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून तिला ते तिथे, सगळ्यांसमोर कळलं. त्याबद्दल मी दुसऱ्या कुणाला दोष देऊ शकत नाही.

पाट्या दुसऱ्या मजल्यावर होत्या, टॉयलेटकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये. आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेल्या. त्यामुळे तिचं नाव वरच्या रांगेत आणि नवऱ्याचं पार खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, कचऱ्याच्या डब्यामागे. तिने डबा सरकवला. वाकून नाव वाचलं. मग वरचं वाचलं. मी सगळं सांगितलं, यंत्रं, जिम, चौथरे.

“स्क्रूड्रायव्हर आहे?” तिने विचारलं.

खालच्या मजल्यावर माझं वर्कशॉप. मी गेलो, योग्य मापाचा घेऊन आलो आणि गुडघ्यावर बसून तिच्या नवऱ्याची पाटी काढायला लागलो. चार स्क्रू. दुसरा निघाला तेव्हा पाहुण्यांचा घोळका इमारत बघत त्याच पॅसेजमध्ये आला. त्यांना फिरवणारा तोच होता.

“हे काय चाललंय?” तो माझ्या कानाशी येऊन मराठीत पुटपुटला. “बँकेची माणसं आहेत. ऊठ. प्लीज ऊठ.”

मी तिसरा स्क्रू काढला. आंटीने मात्र सगळ्यांना समजेल अशा इंग्रजीत, रेफरीसाठी राखून ठेवलेल्या आवाजात सांगितलं, “पैसे खुर्चीचे घेतले. खुर्ची नाही. माझ्या नवऱ्याला कचऱ्याच्या डब्यामागे ठेवलं. मी त्याला घरी नेते.”

मी तिच्याही नावाची पाटी काढून दिली. तिने दोन्ही पिशवीत टाकल्या. मागे उभा असलेला शिपयार्डमधला एक माजी विद्यार्थी पुढे आला आणि म्हणाला, “सर, माझीपण.” त्याच्यामागे आणखी दोघं. बँकेचा एक माणूस फोन काढून भिंतीचा फोटो घेत होता. फायनान्स हेडच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मी पाहिला आणि मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

दोन दिवसांनी मला ताकीद देणारं पत्र मिळालं. त्याच आठवड्यात कॉलेजने जाहीर केलं की जे लेखी मागतील त्यांना खुर्चीचे पैसे परत मिळतील. कुणी मागणार नाही असा त्यांचा अंदाज असावा. मी ज्यांना खुर्च्या विकल्या त्या सगळ्यांची पत्रं स्वतः लिहिली, सह्या गोळा केल्या, जे समुद्रावर होते त्यांच्या ईमेलवरून मागवल्या, आणि गठ्ठा रोज थोडा थोडा करून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. एकदम दिला नाही. रोज माझं तोंड त्याला दिसावं म्हणून. आंटीनेही पैसे घेतले. मला वाटलं होतं की ती नको म्हणेल. “का नको?” ती म्हणाली. “माझे आहेत.” आता ती बहिणीच्या खाण्याच्या स्टॉलवर सकाळची मदत करते.

टीम संपली. शेवटची पोरं पास होऊन गेली आणि नव्यांना कॉलेजची टीम होती हेच माहीत नाही. मी मात्र अजून तिथेच शिकवतो. जहाजावरचा अनुभव आणि परवाने असलेला दुसरा माणूस त्यांना या पगारात मिळत नाही, आणि मुलीचं शिक्षण पुरं होईपर्यंत मलाही ही नोकरी सोडता येत नाही. त्यांच्याच एसीत बसून मी त्यांना शिव्या घालतो. बायको मोदक घेऊन नवव्या मजल्यावर जाते. मी जात नाही.

गेल्या महिन्यात तो लिफ्टमध्ये भेटला. दोघंच होतो. तो दाराकडे बघत म्हणाला, “मॅनेजमेंट फुटबॉल परत सुरू करायचं म्हणतंय. जाहिरातीला बरं दिसतं. बाहेरचं मैदान भाड्याने घेऊ. तुम्ही बघाल का?”

“नाही,” मी म्हणालो.

“पोरांसाठी तरी.”

“पोरांसाठीच नाही म्हणतोय.”

मी माझ्या मजल्यावर उतरलो. पण तेव्हापासून बुधवारी चार वाजले की वर्गात माझं लक्ष लागत नाही. नव्या पोरांमध्ये डाव्या पायाने मारणारा कुणी असेल का, गोलमध्ये कुणाला उभं करता येईल, असले विचार डोक्यात येतात. ते त्याने डोक्यात घातले, म्हणून त्याच्यावरचा राग आणखी वाढलाय.