चुकून गेलेला पाच अक्षरी शब्द

शाळेत आम्ही स्पेलिंगसुद्धा कवितेच्या चालीवर म्हणायचो. वर्गभर घुमणारा तो सूर आज दुपारी पुन्हा कानात आला.

मंडळी, फोनवर शब्दकोडं सोडवत होतो. पाच अक्षरी इंग्रजी शब्द हवा, त्यात ए, ओ आणि एन. सुचला ‘अलोन’. बरोबर आहे का, हे घरात विचारायला आता कोणी नाही, म्हणून मुलीला पाठवला. तो गेला बंगळुरातल्या आमच्या बनशंकरीच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर!

सगळ्यांनी वाचला, बोललं कुणीच नाही. तुम्ही काय केलं असतंत? मी आपला लाजून फोन पालथा ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या अक्का! वाळत घातलेल्या कपड्यांच्या पाण्यावरून आमचा वर्षभर अबोला.

“अण्णा, स्वल्प चहा टाका. मीपण अलोनच आहे.”