चौदाचं मॉडेल आणि उजवा कौल

साकीनाक्याला धाकू परबांचं गॅरेज आहे. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जुनी आलिशान गाडी घेणारा जो तो आधी त्यांचा सल्ला घेतो, मग तो विसरून गाडी घेतो आणि महिन्याभरात ती टो करून त्यांच्याच दारात आणतो. परदेशी कंपनीच्या एका मोठ्या एसयूव्हीबद्दल तर धाकूंचं एकच म्हणणं: तेरा आणि चौदा सालची फुकट मिळाली तरी घेऊ नका. बाराची चालेल, सोळाच्या पुढची झकास. लोक मान डोलावून ऐकतात आणि चौदाची घेतात, कारण तीच स्वस्त मिळते. ती स्वस्त का मिळते, हा प्रश्न शिकलेल्या माणसाला पडत नाही.

भाचा सिद्धेश तरी ऐकेल, अशी त्यांना वेडी आशा होती. त्याची आई द्रौपदी, म्हणजे धाकूंची थोरली बहीण, गुडघ्यांपायी चार वर्षं गणपतीला गावी गेली नव्हती. यंदा तिला ऐसपैस गाडीतून न्यायचंच, असा सिद्धेशने चंग बांधला होता.

"चौदाचा मॉडेल घेव नको रे," धाकू म्हणाले. "मागचा सस्पेन्शन बसता, गिअरबॉक्स दगा देता. घाटात आवशीक घेवन बसशीत."

"टेन्शन नको ना मामा. गावच्या देवळातल्या अण्णा गुरवांनी देवाला कौल लावला. उजवी पाकळी पडली!"

मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी आधी पडली, म्हणजे देवाचा होकार. देवाने गाडीखाली झोपून पाहिलं होतं का, हा प्रश्न धाकूंच्या जिभेवर आला आणि घाबरून परत गेला. त्यांनी गुपचूप गावी फोन करून अण्णांना पुन्हा कौल लावायला लावला. पुन्हा उजवीच. देव भलताच ठाम होता.

गाडी आली. धाकूंनी मनातल्या मनात भाच्याचा उद्धार केला. पण बहिणीसाठी जीव तुटत होता. सलग पाच रविवार गाडीखाली घालवून त्यांनी सस्पेन्शन बदललं, गिअरबॉक्स पुरता खोलून नीट केला. सिद्धेशला म्हणाले, सर्व्हिसिंग केली.

गणपतीला धाकूही त्यांच्यासोबत गावी निघाले. घाटात गाडीने हूं की चूं केलं नाही. द्रौपदी घरापुढच्या खळ्यात उतरली आणि घराकडे बघून ढसाढसा रडली. धाकूंनाही भरून आलं. तेवढ्यात सिद्धेश सगळ्या भावकीसमोर गरजला, "मामा नको नको म्हणत होता! शेवटी देवाचाच शब्द खरा."

नारळ अर्थातच देवाला फुटला. "इतकी वर्षां गाडयो खोलतस, तरी तुका कळला नाय!" द्रौपदीनेही भावाला चिमटा काढला. तिचा फुललेला चेहरा पाहून धाकूंनी खरं काय ते गिळलं. राग मात्र गिळता आला नाही.

संध्याकाळी अण्णा गुरवांनी आपल्या मुलाच्या कामासाठी त्यांना हळूच घरामागे बोलावलं. "धाकू, माझ्या झिलाक तसलीच गाडी घेवची आसा. खरा सांग, खयच्या सालची नको?"

"माका कित्याक इचारतस? कौल लाव."

"गप रे," अण्णा कुजबुजले. "देवाक गिअरबॉक्समधला काय कळता?"