सुभेदारांच्या गाडीची डिस्क

“डिस्क पण बदलायची?” सुभेदार खुर्चीतून उठलेच. “आवं, मी पॅड टाकायला आलोय. तुमी तर निम्मी गाडीच बदलायला निघालाय.”

कराडशेजारच्या मलकापूरला हायवेच्या सर्व्हिस रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. म्हणजे गाडी तपासून काम सांगणारा आणि गिऱ्हाईक चिडलं की ऐकून घेणारा. सुभेदार फौजेतून रिटायर झालेले, जवळच्याच एका गावचे. ब्रेक दाबला की त्यांचं स्टिअरिंग थरथरायचं.

चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी म्हणजे डिस्क. काहीजण रोटर म्हणतात. दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. पॅड झिजतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. लोखंडाची थाळीही झिजते, हे पटत नाही. तिची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली गेली की टाकून द्यायची. पातळ डिस्कला ताप सोसत नाही. घाटात सारखा ब्रेक लागला की तो ताप ब्रेक ऑइलपर्यंत जातो, ऑइल उकळतं आणि पेडल पोकळ होतं, दाबलं तरी ब्रेक लागत नाही.

मी त्यांना गाडीपाशी नेलं. कोरलेला आकडा दाखवला, त्यांच्या डोळ्यांदेखत जाडी मोजली. किमान जाडीच्या बरीच खाली होती.

त्यांनी वाकून पाहिलं. मग म्हणाले, “दिवाळीत क्लच प्लेट गेली म्हणालासा. बदलली. जुनी प्लेट मी मागून घेतली आणि गावातल्या मिस्त्रीला दाखवली. म्हणाला, ही अजून लय चालली असती. आता तुमच्यावर इस्वास कसा ठेवू?”

दिवाळीत मी इथं नोकरीला नव्हतो. पण ती प्लेट कशी ‘गेली’ असेल, हे मला कळत होतं. आमचे मालक, त्यांना आम्ही सर म्हणायचो, रोज सकाळच्या मीटिंगला सांगायचे, “गाडी मोकळी जाता कामा नये. एखादा पार्ट तरी निघालाच पाहिजे.”

“साहेब, तेव्हाचं मला माहीत नाही,” मी म्हणालो. “पण हे खरं आहे. पॅड कुठल्याही कंपनीचे घ्या, चांगले असले म्हणजे झालं. डिस्क मात्र बदला.”

ते पुन्हा वाकून तो आकडा वाचू लागले. मला वाटलं, तयार होतायत. तेवढ्यात सर केबिनमधून बाहेर आले.

“सुभेदारसाहेब, डिस्क, पॅड आणि कॅलिपरही करून टाका. पॅकेजमध्ये बसवतो.”

कॅलिपर म्हणजे पॅड दाबणारा भाग. तो उत्तम होता. मीच तपासला होता.

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. “ऐकलंसा? आता कॅलिपर पण.” आणि किल्ली मागितली.

मी गेटपर्यंत मागं गेलो. “निदान घाटात तरी नेऊ नका.”

“गड्या, लेहच्या रस्त्यावर ट्रक चालवलाय मी. मला घाट नको शिकवू.”

त्यांनी बाहेर नुसते पॅड बदलून घेतले. थरथर थोडी कमी झाली. त्यांना वाटलं, काम झालं.

काही आठवड्यांनी पाचगणीहून परत येताना पसरणीच्या घाटात त्यांचं पेडल तळाला गेलं. जुना ड्रायव्हर माणूस. गिअर पाडला, हँडब्रेक ओढला आणि गाडी दरीकडं न जाऊ देता डोंगराला घासत थांबवली. त्यांना खरचटलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचं, काकूंचं, खुब्याचं हाड मोडलं.

इन्शुरन्सवाल्यांनी गाडी टोचन करून, ओढत आमच्याकडंच आणली. चाक काढलं. डिस्क तापून निळी पडली होती आणि तिला आरपार चीर गेली होती. सरांनी चिरेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, काकूंची चौकशी करतील.

“ही भंगारात टाकू नका,” ते म्हणाले. “पुसून काउंटरवर ठेवा.”

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला ती दाखवायची, असा हुकूम झाला. ज्यांच्या डिस्क चांगल्या होत्या त्यांनाही. बघितल्यावर कोणी नाही म्हणत नसे.

मी कराडला दवाखान्यात गेलो. सुभेदार वॉर्डाबाहेर बाकावर बसले होते. मला ओळखलं.

“तू खरं बोलला व्हतास.”

“व्हय.”

“मग त्या दिवशी मला ते कसं कळायचं, सांग की.”

मी आत वॉर्डात गेलो. काकूंना भेटून मी निघालो आणि महिनाअखेरीला नोकरी सोडली. सर म्हणाले, “तुला धंदा जमणार नाही.” ते खरं होतं.

आता मी शिरवळला एका कारखान्याच्या बस सांभाळतो. डिस्क मोजायची, संपली असली तर बदलायची. कुणाला पटवावं लागत नाही. काकू वॉकर धरून घरातल्या घरात चालतात, असं कळलं. सरांनी शेजारचा गाळाही घेतलाय.

ओळखीचे लोक विचारतात, ब्रेकला कुठले पॅड घ्यावेत? मी सांगतो, आधी डिस्कवरचा आकडा स्वतः वाचा. जाडी समोर मोजून घ्या. जुना पार्ट मागून घ्या. आणि गॅरेजवाल्यानं एकदा फसवलं असलं, तरी पुढच्या वेळी तो खोटंच बोलत असेल, असं धरून चालू नका.

हे शेवटचं कुणी ऐकत नाही. मीही त्यांना दोष देत नाही.